पाय उचल

कडूलिंबाला मोहर आला की मला क्लच जळाल्याचा वास येतो. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे मलाही कळतं. पण नाकाला कोण समजावणार?

इथं कोईमतूरच्या बाहेर एका सूतगिरणीत मी कामगारांची बस चालवतो. बस उभी करायच्या जागेवर एक जुना कडूलिंब आहे. दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात मी बसमध्येच बसून असतो. काचेवर मोहराचा बारीक पांढरा चुरा पडत राहतो. वायपर फिरवला तरी तो निघत नाही, नुसता कडेला जाऊन बसतो. वास आधी गोड येतो, मग जरा कडवट, आणि त्याच्या पाठीमागून, कुठून कोण जाणे, तो दुसरा येतो. रबर, केस आणि जुना कागद एकाच वेळी पेटवल्यासारखा. ज्याच्या हातून एकदा क्लच प्लेट जळली आहे त्याला तो वास जन्मात विसरता येत नाही. माझ्या हातून दोन जळल्या. हातून म्हणतो खरा, पायातून.

आज आई अमरावतीला गेली आहे. दरवर्षी याच दिवसांत ती तपासणीला जाते. इतकी वर्षं काही निघालं नाही. यंदा काखेत बोराच्या बीएवढं काहीतरी हाताला लागलं. डॉक्टरांनी मागच्या आठवड्यात सुई घालून नमुना घेतला, आणि काय आहे ते आज सांगणार आहेत. धाकटी बहीण रंजना तिला घेऊन गेली आहे, गाडी तीच चालवते. फोन माझ्या शर्टाच्या खिशात आहे. मी घडीघडी तो काढून पाहतो आणि दर वेळी लक्षात येतं, माझा डावा पाय क्लचवर आहे. बस बंद आहे, किल्ली काढलेली आहे. तरी पाय तिथंच.

ते क्लच जळाले त्या वर्षी आईच्या छातीतल्या गाठीचं ऑपरेशन झालं आणि जखम भरल्यावर डॉक्टर म्हणाले, आता शेक द्यायचे. मशीनचा इलाज, पण आमच्याकडे त्याला शेकच म्हणतात. बाईला टेबलावर झोपवतात, दोन मिनिटं काहीतरी घूंऽ वाजतं, काही दिसत नाही, काही दुखत नाही, आणि पंधरा दिवसांत कातडी तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखी काळी पडते. सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे. बाबा तेव्हा चांदूर बाजारजवळ एका संत्र्याच्या बागेत कामाला होते. डॉक्टरांनी त्यांना त्यांच्याच भाषेत विचारलं, "बहार धरल्यावर पाण्याची पाळी चुकवता का तुम्ही?"

"नाही जी. फळ गळते."

"मग हे तसंच. खंड पडू द्यायचा नाही."

बाबांनी मान हलवली. विहिरी आटत चालल्या होत्या. ज्या बागा आम्ही लहानपणी कुंपणातून हात घालून लुटल्या, त्या उभ्याच्या उभ्या तोडून जळणाच्या भावानं चालल्या होत्या. रस्त्याच्या कडेला संत्र्याच्या लाकडाचे ढीग पडलेले असत, आणि तोडलेल्या लाकडालाही दोन दिवस संत्र्याचा वास असे. बाबांच्या मालकानं अर्धी बाग वाचवायची ठरवली होती आणि ते वाचवणं बाबांच्या अंगावर होतं. त्यामुळं आईला रोज अमरावतीला नेणं माझ्याकडं आलं. मी एकोणीस वर्षांचा होतो. शाळा नववीतच सुटली होती. शाळेबद्दल कोणाची तक्रार नाही. घरात हातांची गरज होती आणि माझे हात रिकामे होते, एवढंच.

पहिला आठवडा आम्ही एसटीनं गेलो. चौथ्या दिवशी वलगावच्या थांब्यावर गर्दी आत घुसली आणि कोणाच्या तरी डब्याचा कोपरा आईच्या छातीला लागला. ती ओरडली नाही. तिनं फक्त माझं मनगट धरलं, आणि अमरावती येईपर्यंत सोडलं नाही. संध्याकाळी पाहिलं तर तिच्या चार नखांच्या चार चंद्रकोरी मनगटावर उमटल्या होत्या. शनिवारी अकोल्याहून मामा भेटायला आले. आईचे मोठे भाऊ, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी माझं मनगट पाहिलं, विचारलं, ऐकून घेतलं आणि म्हणाले, "उद्या माह्यासंग अकोल्याले चाल. गाडी घेऊन ये."

ती गाडी म्हणजे मामांची पांढरी चारचाकी. जुनी, पण ठेवणीतली. सीटवर मामींनी विणलेले रुमाल. बारा वर्षं ती मामांकडं टिकली, कारण ती फारशी चाललीच नव्हती. रविवारी भाजीबाजारात जायची आणि परत यायची. शाळा सुटल्यावर मी दोन वर्षं मामांकडं राहून एका दुकानात काम केलं होतं, तेव्हा रविवारी भाजी आणून झाल्यावर मामा मला गाडी शिकवायचे. कापूस खरेदी केंद्राचं मैदान उन्हाळ्यात रिकामं असायचं. हंगामात तिथं बैलगाड्यांच्या दोन-दोन दिवसांच्या रांगा लागत. हंगाम संपला की नुसत्या सरकीच्या चार बिया, शेणाचे वाळके पो आणि अकोल्याचं ते ऊन, जे वरून पडत नाही, खालून येतं. मामा बाजूला बसून एकच वाक्य म्हणायचे, "डावा पाय क्लचवर तयार पायजे. कोण कवा आडवा येईन, सांगता येत नाही."

मी ते वाक्य घेऊन निघालो. मामांनी निघताना बॉनेटवर हात ठेवला, जयभीम घातला आणि पुन्हा तेच. "पाय तयार ठेव."

ज्यांनी गाडी चालवली नाही त्यांच्यासाठी सांगतो. क्लच म्हणजे इंजिननं चाकांचा धरलेला हात. पेडल दाबलं की हात सुटतो, सोडलं की धरला जातो. पण पेडलवर पाय नुसता टेकवून ठेवला, नुसता तयार ठेवला, तरी ती पकड किंचित ढिली होते. हात ना सुटलेला ना धरलेला. मग तो सटकत राहतो, घासतो, तापतो, आणि आतली प्लेट जळते. बाहेरून काही दिसत नाही. गाडी चालत असते.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

पहिली प्लेट पूर्णेच्या पुलाआधीच्या चढावर गेली. आईला गाडीनं न्यायला लागल्याचा तो दुसरा आठवडा. इंजिन बोंबलत होतं आणि गाडी जागची हलत नव्हती. आईनं पदर नाकाला लावला. "काय जळून राहिलं रे?" मी म्हणालो, शेतात कोणी पऱ्हाट्या पेटवल्या असतील. पऱ्हाट्या म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेली झाडं. त्या दिवसांत त्या पेटवतातच, त्यामुळं खोटं बोलायला सोपं गेलं. मग एक ट्रॅक्टरवाला देवासारखा आला, त्यानं आम्हाला दोर बांधून चांदूर बाजारला ओढत आणलं. त्या दिवसाचा शेक बुडाला.

चांदूर बाजारच्या स्टँडमागं रज्जाक मिस्त्रींचं टिनाचं शेड होतं. मिस्त्री पन्नाशीचे, दाढी पांढरी पण हनुवटीजवळ ऑइलनं पिवळी पडलेली. उमेदीची वर्षं त्यांनी चिखलदऱ्याच्या घाटात जीपगाड्या दुरुस्त करण्यात घालवली होती. लोक म्हणत, मिस्त्री गाडीला हात लावत नाहीत, कान लावतात. त्यांनी गिअरबॉक्स उतरवला, प्लेट काढली आणि ती हातावर घेऊन आईला दाखवली, कारण गाडीची मालकीण आईच आहे असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. प्लेट काळी, तडकलेली, कडा उडालेल्या.

आईनं ती बराच वेळ पाहिली. "माह्यासारखीच झाली वो हे," ती म्हणाली.

मिस्त्री आत गेले आणि तिच्यासाठी स्टूल पुसून आणलं.

नवी प्लेट बसवून गाडी निघाली तेव्हा खिडकीशी वाकून ते मला म्हणाले, "बेटा, पाय उचलत जा."

आता इथंच सगळं चुकलं. आमच्या वऱ्हाडात 'पाय उचल' म्हणजे लवकर चाल. बाबा वावरात निघाले की मागं वळून म्हणत, पाय उचल. शाळेची घंटा झाली की आई म्हणे, पाय उचल लेका. मिस्त्रींना आईच्या शेकाची वेळ माहीत होती. मला वाटलं, ते सांगताहेत, उशीर करू नको, पळव. मी पळवायला लागलो. पळवायला लागलो तसा जास्त भ्यायलो, आणि भ्यायलो तसा डावा पाय जास्तच तयार राहू लागला. म्हणजे ज्या वाक्यानं प्लेट वाचायची, त्याच वाक्यानं दुसरी जळाली.

त्या वर्षांत आमच्याकडे गावात चारचाकी आली की बायका दारात येऊन उभ्या राहत. कोणी कोणाला विचारत नसे. गावात चारचाकी दोनच कारणांनी यायची. लग्नसराई नसली तर एकाच. कोणी फवारणीच्या औषधाचा डबा तोंडाला लावलेला असे, आणि मग पंचनामेवाले, साहेब, पेपरवाले अशा गाड्या एकामागून एक येत. त्या गाड्या बहुतेक पांढऱ्या असत. आमचीही पांढरीच.

एक दिवस शेक घेऊन परत येताना आईला मागच्या सीटवर डोळा लागला होता. गावात शिरल्यावर पहिलंच घर वच्छलाकाकूचं. तिचा नवरा सकाळी फवारणीचा पंप पाठीला लावून वावरात गेला होता. काकू दारात आली, गाडी पाहिली आणि उंबऱ्यावर बसली. पडली नाही, बसली. कोणीतरी खांदे दाबून बसवल्यासारखी. मी ब्रेक मारला. आई जागी झाली, काचेतून पाहिलं आणि तिला क्षणात कळलं. ती खाली उतरली, त्या जळक्या छातीनिशी काकूजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "आमी आहो वो वच्छला. आमीच आहो."

त्या दिवसापासून गावच्या वेशीवर आई गाडीची काच खाली करायची आणि हात बाहेर काढायची. हिरव्या बांगड्यांचा हात, लांबून दिसेल असा. तो हात दिसला की दारं पुन्हा लागत. काकू तेवढं आतून विचारी, "आली का वो?"

"आली," आई म्हणे.

दुसरी प्लेट जळाली तेव्हा दुसरा खंड पडला. या वेळी डॉक्टर रागावले नाहीत, नुसतं कार्डावर पेननं गोल केला आणि म्हणाले, "आता नको." रागावले असते तर बरं झालं असतं. त्या 'आता नको'च्या पुढं काय आहे, ते मला विचारता येईना. मी आईकडं पाहिलं. ती कॅलेंडर पाहत होती.

चांदूर बाजारच्या स्टँडवर आमची गाडी एव्हाना प्रसिद्ध झाली होती. पानठेल्यावरचा एक जण म्हणे, "काय बे, गाडी चालवून राहिला का क्लच खाऊन राहिला?" दुसरा म्हणे, "बैल बरा लेका. बसला तं शेपूट तरी पिरगाळता येते." मी हसायचो. हसणं भाग होतं, गाडी ढकलायला तीच माणसं यायची.

आणि आई, जी घरात मांजरालाही मोठ्यानं बोलत नाही, ती त्या दिवशी चारचौघांत मिस्त्रींवर चढली. "काहून सारखी जळते वो मिस्त्रीभाऊ? तुह्या प्लेटीच कच्च्या."

मिस्त्री कानामागची पेन्सिल काढून पुसत म्हणाले, "असन बाई. माह्या हातालेच गुण नाई."

मी ते मनात धरलं. पंधरा दिवसांत क्लचचं बेअरिंग कुरकुरायला लागलं तेव्हा तर धीरच सुटला. रविवार होता म्हणून शेक बुडाला नाही, पण मी शेडमध्ये उभा राहून, पानठेल्यापर्यंत ऐकू जाईल असं बोललो. "मिस्त्री, तुमी डुप्लिकेट माल लावता. माह्या आईचा जीव टांगला आहे अन् तुमी नकली माल लावता."

बाजूला चहा पिणारा एक माणूस कप खाली ठेवून उठून गेला. मिस्त्री गाडीच्या पोटाखाली होते. ते बाहेर आले नाहीत. थोड्या वेळानं पाना फिरवल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. काम झाल्यावर खिडकीशी आले आणि म्हणाले, "पाय उचलत जा, बेटा." मला वाटलं, आता तर हे मला हाकलूनच देताहेत.

शेवटचा आठवडा. त्या दिवसाचा धरून चार शेक उरले होते. सकाळी आम्ही चांदूर बाजारात शिरलो आणि स्टँडजवळ गिअर बदलायला गेलो तर पेडल माझ्या पायाखाली नुसतं जमिनीला जाऊन पडलं. मेल्यासारखं. क्लचची वायर तुटली होती. गाडी दोन हिसके देऊन मिस्त्रींच्या शेडसमोरच बंद पडली.

मिस्त्री बाहेर आले. आदल्या दिवशी वेल्डिंग करताना डोळे भाजले होते, म्हणून त्यांनी डोळ्यांवर ओला रुमाल बांधला होता आणि तो एका बोटानं वर करून पाहत होते. त्यांनी पेडल दाबून पाहिलं. "वायर गेली. माह्यापाशी नाई, अमरावतीलेच भेटन."

आई मागच्या सीटवर बसली होती. उतरली नाही. कार्डाची पिशवी मांडीवर घेऊन, जणू गाडी चालूच आहे, अशी समोर पाहत होती. मी मात्र रस्त्यातच उकिडवा बसलो.

मिस्त्रींनी एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग ड्रायव्हरशेजारच्या सीटचं दार उघडून आत बसले. "चाल."

"क्लच नाई, मिस्त्री."

"क्लच नाई म्हणूनच चाल. पयल्या गिअरात टाक अन् किल्ली मार. पोट्टे ढकलतीन. मले दिसत नाई, पण आयकू येते. मी म्हणन तवा गिअर बदलव, मी म्हणन तवाच." मी उठून स्टिअरिंगवर बसलो तेव्हा त्यांनी हात खाली नेऊन माझ्या डाव्या गुडघ्यावर दोन बोटं वाजवली. "अन् हा पाय उचल. पुरा उचल. सीटखाली घे. याचं आज काम नाई."

मी पाय उचलला. आणि मला कळलं.

कळलं म्हणजे काय, तर महिनाभराची सगळी वाक्यं एकदम उलटी होऊन पडली. मी त्यांच्याकडं वळलो, पण त्यांनी रुमाल डोळ्यांवर ओढून घेतला होता आणि मान इंजिनाच्या बाजूला कलती केली होती. "किल्ली मार," ते म्हणाले.

पानठेल्यावरच्या सगळ्यांनी ढकललं. गाडी बोकडासारखी उडी मारून निघाली. मिस्त्री डोळे मिटून ऐकत होते. "सोड... थांब... आता." मी दांडी ओढली आणि ती लोण्यात गेल्यासारखी दुसऱ्यात गेली. "थांब... आता." तिसऱ्यात. पूर्णेचा पूल आला, गेला. जळणाचे ढीग गेले. पेडल तिथं होतं आणि माझा पाय तिथं नव्हता. तो सीटखाली, बांधून ठेवलेल्या कुत्र्यासारखा, आडवं कोणी आलं की उसळत होता. एका ठिकाणी मेंढरं आडवी आली. मिस्त्री म्हणाले, "भेऊ नको, ब्रेक हाये नं." ब्रेक आहे, हे मी विसरलोच होतो. इतके दिवस मला वाटत होतं की सगळं त्या डाव्या पायावर अडलेलं आहे.

अमरावतीच्या चौकात पोलिसानं हात केला. मिस्त्रींनी खिडकीतून डोकं काढलं, डोळ्यांवर पट्टी तशीच. "साहेब, गाडीले क्लच नाई, मले डोळे नाई, मागं पेशंट हाये. जाऊ द्या." पोलीस बाजूला झाला.

दवाखान्याच्या आवारात कडूलिंब होते. एका झाडाखाली मी गाडी बंद केली. आई उतरली, लुगड्याच्या निऱ्या सारख्या केल्या, आणि म्हणाली, "आज गाडी चांगली चालली."

मिस्त्री इतके हसले की रुमाल खाली आला.

आई आत शेकाला गेली. समोरच्या गल्लीतल्या दुकानातून मी वायर आणली. मिस्त्री गाडीखाली शिरले आणि डोळे मिटून, बोटांनी चाचपत वायर ओवू लागले. बाहेर फक्त त्यांचे पाय दिसत होते, आणि त्यांच्या नडग्यांवर मोहर पडत होता. पायच दिसत होते म्हणून मला बोलता आलं.

"मिस्त्री, मी तुमाले नाई नाई ते बोललो."

खालून आवाज आला. "कवा? मी तं आयकलंच नाई. माहा कान इंजिनाकडं राहते." आणि थोड्या वेळानं, "दहा-अकराचा पाना दे."

मी पाना दिला. उरलेले तीन शेक खंड न पडता झाले. ती वायर आणि ती प्लेट पुढं गाडी भंगारात जाईपर्यंत टिकली. मामा अजूनही विचारतात, तेव्हा गाडी त्रास द्यायची म्हणे? मी म्हणतो, नाही, मस्त चालायची. त्यांनी मला जे शिकवलं ते काळजीपोटी शिकवलं होतं. आमच्या घराण्यात भीतीलाच काळजी म्हणतात.

कधी वाटतं, तेव्हा आमचं सगळं गावच तसं चालत होतं. बाया धन्याला वावरात पाठवत आणि फवारणीच्या डब्यात किती उरलं ते रात्रीतून झाकणानं मोजून ठेवत. माणसं हसत, पण हसण्यावर पुरतं वजन टाकत नसत. कोणी धरलेलं नाही, कोणी सोडलेलं नाही. सगळ्यांचा एक एक पाय तयार. आणि जे जळत होतं ते आत जळत होतं. आम्ही म्हणत होतो, पऱ्हाट्या पेटवल्या असतील.

मी इकडं आलो त्याला आता बरीच वर्षं झाली. गिरणीत कापसाच्या गठाणी येतात, कधी एखाद्या गठाणीच्या तरटावर काळ्या शाईनं 'अकोला' लिहिलेलं दिसतं. मी उगाच जाऊन तिला हात लावून येतो. नव्या ड्रायव्हरांना बस शिकवायचं काम माझ्याकडं आहे. त्यांची भाषा मला तोडकीमोडकी येते. इकडं पायाला 'काल' म्हणतात. क्लचवरून पाय काढ, हे मी त्यांना त्यांच्या भाषेत सांगतो, "कालै एडु." माझ्या कानाला मात्र दर वेळी ते 'काल उचल' असं ऐकू येतं. काल कुठं उचलला जातो? पण पोरं पाय उचलतात.

रज्जाक मिस्त्री तीन वर्षांपूर्वी गेले. मला कळलं पंधरा दिवसांनी. त्या उन्हाळ्यात घरी गेलो तेव्हा आई आणि मी त्यांच्या घरी जाऊन आलो. परत येताना आई म्हणाली, "त्यानं मले दुसऱ्या प्लेटीच्या टायमालेच सांगतलं होतं."

"काय?"

"का पोट्ट्याचा पाय भेवाचा आहे म्हणून. म्हणे, बाई, त्याले चारचौघांत सांगू नका. आईचा शेक माह्या पायानं बुडाला, असं डोक्यात बसलं तं तो पुन्हा गाडीले हात लावणार नाई, अन् मंग तुमाले कोण नेईन? भेव गेलं का पाय आपोआप उचलते. तोवर माह्यावर रागवा, म्हणे, सगळ्याईसमोर."

मी चालायचा थांबलो. म्हणजे त्या कच्च्या प्लेटी, तो न आलेला गुण, ते सगळं दोघांनी ठरवून केलं होतं. आणि मी त्या नाटकावर विश्वास ठेवून खऱ्या माणसाला खोटं म्हणालो होतो. "मंग तू मले नंतर तरी सांगाचं नं, आई. इतकी वर्षं."

"सांगतो नं आता," ती म्हणाली. आमच्याकडे बायकाही 'सांगतो'च म्हणतात. "पाय उचल, ऊन तापून राहिलं."

खिशातला फोन वाजतो आहे.

उचलला तर आधी नुसता वारा. मग आई. "बाबू, जेवला का?"

"आई, काय म्हणाले डॉक्टर?"

"रंजी मस्त चालवते. तुह्यापेक्षा बरी. पाय पाहिला म्या तिचा, खालीच ठेवते."

"आई."

"साधी हाये रे. चरबीची गाठ म्हणे. काढाचीही गरज नाई. सालभर येऊ नका म्हणे." ती थांबते. वाऱ्याचा आवाज बदलतो, गाडी हळू झाली आहे. "थांब, फोन धर जरासा. गाव आलं. हात बाहेर काढतो."

आता कोणी दारात येऊन उभं राहत नाही. गावात दहा चारचाक्या आहेत. मला बांगड्यांचा आवाज येतो, काचेच्या कडेला लागलेल्या. आणि लांबून, सोळाशे किलोमीटर लांबून नाही, नुसतं एका उंबऱ्याच्या आतून, म्हातारा झालेला एक आवाज विचारतो, "आली का वो?"

"आली," आई म्हणते.

काचेवर मोहर पडतो आहे. मी खाली पाहतो. पेडल वर आलेलं आहे आणि दोन्ही पाय जमिनीवर आहेत.